ज्याला देव नाही, त्याच्या घरी लेक द्यावी का?

सांगोलेकर_आई

नमस्कार मंडळी. प्रश्न घरचा आहे आणि घरात विचारून झालाय, म्हणून इथं विचारते.

लेक पुण्यात बँकेत आहे. मुलगा तिनंच पसंत केला. जात एकच निघाली, त्यामुळे भावकीला बोलायला जागा उरली नाही (हे लिहिताना बरं वाटत नाही, पण खरं ते खरं). लातूरकडचा आहे, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. आई-वडील दोघंही शिक्षक. सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. अडचण एवढीच की मुलगा देव मानत नाही. त्याच्या वडिलांचंही तसंच, घरात देव्हारा नाही. लग्न रजिस्टर करायचं म्हणतो. भटजी नको, सप्तपदी नको, मुहूर्त नको.

आमच्या घरात मामंजींपासून सगळे माळकरी. मामंजी अजून पायी वारी करतात. मुलगा पहिल्यांदा घरी आला तेव्हा नेमकी एकादशी. मामंजींनी रिवाजाप्रमाणे बुक्का लावायला हात पुढं केला. मुलगा म्हणाला, "आजोबा, बुक्का नको, पण तुमच्या पाया पडतो." आणि खरंच वाकून पडला. मामंजींनी बुक्क्याचं बोट स्वतःच्याच कपाळाला पुसलं आणि हसले. मला वाटलं, निभावलं. शाबूची खिचडी खाल्ली, गप्पा झाल्या, उसाच्या दरावर दोघांचं एकमतसुद्धा झालं.

रात्री मात्र मामंजी माझ्या मिस्टरांना म्हणाले, "पोरगं गुणाचं हाय. पण ज्याला वर बघायला कुणी न्हाई, तो खाली कुणाला भिणार? आज आवडली म्हणून धरली. उद्या न्हाई आवडली तर सोडंल. त्याला आडवायला कोण हाय?"

ह्यांच्याकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही. माझ्या डोळ्यासमोर मात्र आमच्याच भावकीतला एक माळकरी आला. त्यानं दोन घरं केलीत. दुसऱ्या घरी जाताना माळ खुंटीला अडकवतो असं गावात बोलतात. त्याचं लग्न मात्र "टिकलेलं" आहे, चाळीस वर्षं.

तर देवावर श्रद्धा असली की माणूस नीट वागतो, संसार टिकतो, यात कितपत तथ्य आहे? उपदेश नको. पाहिलेलं, अनुभवलेलं सांगा.

---

आकडेमोड

ताई, अनुभव माझ्याकडे नाही, लग्नच झालेलं नाही. आकडे आहेत.

आधी मामंजींच्या बाजूचं. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकेतल्या पाहणी संस्थेनं २०१९ साली ३४ देशांत विचारलं होतं: माणूस नीतीनं वागायचा तर त्यानं देव मानणं गरजेचं आहे का? इंडोनेशिया आणि फिलिपिन्समध्ये ९६ टक्के लोक "हो" म्हणाले, स्वीडनमध्ये ९. सगळे देश क्रमानं लावले तर मधला आकडा ४५ येतो. भारतात पाचातले जवळपास चार जण "हो" म्हणाले. म्हणजे मामंजी एकटे नाहीत, आख्खा देश त्यांच्या दिंडीत आहे. पण लोकांना काय वाटतं हा झाला एक भाग, लोक वागतात कसं हा दुसरा. स्वीडनमध्ये देव न मानणाऱ्यांनी धुमाकूळ घातल्याचं काही ऐकिवात नाही.

आता लग्नाचं. २०११ च्या जनगणनेत घटस्फोटित म्हणून नोंद झालेले लोक साधारण १३ लाख ६० हजार, विवाहितांच्या तुलनेत ०.२४ टक्के. पण घटस्फोट न घेता वेगळे राहणारे ०.६१ टक्के, म्हणजे अडीच पट. आपण "भारतात लग्नं टिकतात" म्हणतो तेव्हा हे दुसरे लोक हिशेबातच नसतात.

घटस्फोटात देशात पहिला नंबर मिझोरामचा, ४ टक्क्यांच्या वर. तिथं ८७ टक्के लोक ख्रिस्ती, रविवारी दुकानं बंद, चर्च म्हणजे गावाचा कणा. श्रद्धेत कुठं कमी नाहीत. पण मिझो लोकांच्या जुन्या रिवाजात नवरा-बायकोनं वेगळं होणं फार अवघड नव्हतं आणि ती रीत चर्च आल्यावरही टिकून राहिली.

अमेरिकेतही गंमत आहे. दक्षिणेकडच्या कट्टर धार्मिक राज्यांत घटस्फोट जास्त. २०१४ साली यावर एक अभ्यास आला, त्यात मुख्य कारणं निघाली लहान वयातली लग्नं आणि अर्धवट सुटलेलं शिक्षण. तिथंच जे जोडीनं दर रविवारी न चुकता चर्चला जातात, त्यांची लग्नं कमी मोडतात. म्हणजे नावापुरते धार्मिक वेगळे आणि नेमानं जाणारे वेगळे.

आणि नास्तिक मित्रांसाठीही एक. २०१५ साली एक संशोधन गाजलं होतं की धार्मिक घरातली मुलं वाटून खाण्यात मागे असतात. अजून ते फॉरवर्ड फिरतं. २०१९ मध्ये ते मागे घेतलं गेलं. देशांना ओळखीपुरते दिलेले क्रमांक हिशेबात खरे आकडे म्हणून धरले गेले होते. तेव्हा कुणी ते तोंडावर फेकलं तर हे सांगा.

---

टाळकरी

माउली, राम कृष्ण हरी. मी माळशिरस तालुक्यातला. लिहायची सवय न्हाई, चुकलं तर सांभाळून घ्या.

मी माळ घालायच्या आधी काय होतो ते माझ्या मंडळीला विचारा. ऊस तोडून आलं की पहिला रस्ता गुत्त्याचा. माळ घातली तवापास्नं थेंब न्हाई. म्हणून मी म्हणणार की श्रद्धेनं माणूस सुधारतो. ही माझी साक्ष.

पण त्यात एक मेख हाय, ती सांगतो. माळ घातल्यावर पहिले चार-सहा म्हयने तलप जायची न्हाई. माळ काय धरून ठेवत न्हाई, ते लाकडाचं मणी. मला धरून ठेवलं ते हरिपाठानं. संध्याकाळी देवळात हरिपाठ असतो आणि मी न्हाई गेलो की मृदंगवाला बाप्पू घरी येऊन बसायचा. काय बोलायचा न्हाई. चहा मागायचा. आता ह्यो माणूस दारात बसलाय म्हटल्यावर मी गुत्त्याला कसा जाणार? देव मला दिसत नव्हता, बाप्पू दिसत हुता.

आमच्याच गावात एक विणेकरी होता. सात अध्याय तोंडपाठ, आवाज असा की ऐकत राहावं. घरात बायकोला काठी. सगळ्या दिंडीला ठाव होतं. कुणी बोललं न्हाई, कारण विणा त्याच्या गळ्यात. बाप्पूसारखा माणूस त्याच्या दारात कुणी बसवलाच न्हाई. माझ्या मते पाप त्याचं एकट्याचं न्हाई, सगळ्या फडाचं.

पोराबद्दल बोलायचं तर आजोबांना सांगा, त्याला वारीला घिऊन चला. आळंदीपास्नं नको, वेळापूर ते वाखरी एवढंच. वारीत "देव मानतोस का" म्हणून कुणी पावती फाडत न्हाई. पाय सुजल्यावर, पावसात तंबू गळाय लागल्यावर, पंगतीत वाढायला उभं केल्यावर माणूस कळतो. मग द्यायची का न्हाई ते ठरवा.

---

निवृत्त_समुपदेशक

मी कौटुंबिक न्यायालयात विवाह समुपदेशक होते. शहर सांगत नाही. खाली जे सांगते त्यातले तपशील बदललेत, ओळख पटणार नाही.

सांगोलेकर ताई, इतकी वर्षं त्या खोलीत बसून "देव" हे भांडणाचं मूळ असलेलं जोडपं मला क्वचित भेटलं. मूळ असतं पगाराचं खातं, सासूचा फोन, दारू, माहेरचं येणंजाणं, मूल न होणं, आणि अलीकडे मोबाईलचा पासवर्ड. देव येतो तो नंतर, दारूगोळा म्हणून. "हिनं वटसावित्रीचा उपास सोडला." "ह्याला गुरुवारीसुद्धा मटण लागतं." उपास सोडल्याचं दुःख कुणाला नसतं. ती आपलं ऐकत नाही याचं असतं.

एक जोडपं आठवतं. नवऱ्याला दारू. समोर बसून त्यानं गजानन महाराजांचा खिशातला फोटो काढला, टेबलावर ठेवला आणि त्यावर हात ठेवून शपथ घेतली. खरं सांगते, नाटक करत नव्हता, डोळ्यांत पाणी होतं. मी बायकोकडे पाहिलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. म्हणाली, "मॅडम, ह्यो फोटो माझ्या ओळखीचा आहे. मला एटीएम कार्ड द्या म्हणावं." कार्ड मिळालं नाही. फोटो खिशात परत गेला. त्या माणसाला खोटारडा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. श्रद्धा होतीच. पण ती महाराजांशी होती आणि व्यवहार बायकोशी होता. दोन्ही खाती वेगळी ठेवता येतात, हे मी पुष्कळ पाहिलं.

टाळकरी माउलींनी फार मोलाचं लिहिलंय. दारूच्या बाबतीत अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभांतही हेच चालतं. तिथं ईश्वराचं नाव घेतात, पण "आपल्याला जसा समजला तसा" घ्यायची मुभा असते. माझ्याकडच्या काही केसेस तिथं जाऊन उभ्या राहिल्या, त्यात देव न मानणारेही होते. सगळ्यांत समान काय, तर ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या माणसांसमोर जाऊन बसणं.

आता तुमच्या मामंजींचा मुद्दा. तो मी हलका करणार नाही, तो खरा आहे: याला अडवणार कोण? पण त्याचा जुना इतिहास बघा. आपल्याकडे कुणबी, माळी, धनगर अशा पुष्कळ जातींत काडीमोड होती. पंचांसमोर काडी मोडायची, फारकत झाली. बाईचा पाट लागायचा, म्हणजे दुसरं लग्न, मोहतूर म्हणायचे काही भागांत. त्याच गावात, त्याच विठोबाला नमस्कार करणाऱ्या ब्राह्मणाच्या घरी काडीमोड नव्हती आणि विधवेला दुसरं लग्न नव्हतं. देव तोच, एकादशी तीच, ग्रंथ तेच. एका घरी लग्न मोडता यायचं, दुसऱ्या घरी मेल्यावरही सुटत नव्हतं. लग्न टिकवून धरणारं जे काही होतं ते देवळात नव्हतं, जातीच्या बैठकीत होतं. मामंजींना जरूर विचारा, त्यांच्या आजीच्या पिढीत काडीमोड ऐकलीय का. ऐकली असणार. हिंदू विवाह कायदा १९५५ साली आला, त्यातही रिवाजानं मिळणारी फारकत मान्य ठेवली आहे.

आणि धर्म प्रत्येक वेळी संसार जपण्याच्याच बाजूनं उभा राहिला असंही नाही. मुंबई प्रांतानं १९४६ साली हिंदू पुरुषाला एक बायको असताना दुसरी करायला बंदी घातली. त्यावर नरसू आप्पा माळी खटला मुंबई उच्च न्यायालयात गेला, निकाल १९५१ चा. मुद्दा काय मांडला होता? पुत्राशिवाय गती नाही, म्हणून दुसरी बायको हा धर्माचाच भाग आहे. न्यायमूर्ती छागला आणि गजेंद्रगडकरांनी तो मानला नाही, कायदा राहिला. तुमच्या भावकीतल्या गृहस्थांना माळ खुंटीला तरी टांगावी लागते. ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वी त्याचीही गरज नव्हती.

आता दुसरी बाजू, नाहीतर इथले पुरोगामी खूश होतील. देव न मानणारे नवरेही माझ्यासमोर बसलेत. एक होते, स्त्री-पुरुष समतेवर व्याख्यानं द्यायचे. बायको सांगत होती, व्याख्यानाहून आले की ताट जिथं असेल तिथं ठेवून उठतात, आणि मी काही बोलले की "तू अजून संस्कारांच्या जाळ्यात आहेस" म्हणतात. एकदा तिला ताप असताना पाणी गरम करायला सांगितलं, तर त्यांनी गरम पाणी आणि ताप यांच्या संबंधावर वैज्ञानिक चर्चा केली. पाणी शेवटी शेजारणीनं दिलं. श्रद्धा नसणं हा काही गुण नव्हे, ती एक रिकामी जागा आहे. तिथं माणूस काय आणून ठेवतो ते बघायचं.

मुलाबद्दल तुम्ही लिहिलेल्या गोष्टींपैकी मला एकच महत्त्वाची वाटली: बुक्का नको म्हणाला, पण म्हाताऱ्या माणसाच्या घरी, सगळ्यांसमोर, तोंडावर म्हणाला, आणि मग वाकला. लावून घेऊन बाहेर गेल्यावर पुसला असता तर मला जास्त काळजी वाटली असती. लेक द्यायला हे पुरेसं नाही. त्याच्या आईला भेटा. वडील घरात आईशी कसं बोलतात ते चहा येईपर्यंत कळतं. आई शिक्षिका आहे ना? पगार कुणाच्या खात्यात जायचा, सहज गप्पांत काढा. मुलगा आईचा डबा स्वतः भरतो की आई त्याचा, तेही बघा. आणि त्याला हे जरूर विचारा की एखाद्या मित्राचं लग्न मोडलं तेव्हा त्यानं काय केलं. देव आहे की नाही या चर्चेत त्याला गुंतवू नका. त्या चर्चेची तयारी तो शाळेपासून करून बसला असेल.

---

श्रावणातली_सून

वरच्या ०.६१ टक्क्यांतली मी एक. बहुतेक त्यातही नाही, कारण जनगणनेला आले तेव्हा सासऱ्यांनी मला "विवाहित" लिहायला लावलं असणार.

सासर अत्यंत धार्मिक. गुरुचरित्राचे सप्ताह, सोवळं, पौर्णिमेला सत्यनारायण. मारहाण नव्हती. नवरा माझ्याशी बोलत नव्हता, एवढंच. पगार आईच्या हातात, बोलणं आईशी, जेवणसुद्धा आईनं वाढलेलं. मी माहेरी येऊन बरीच वर्षं झाली. घटस्फोट मागितला तर सासरे म्हणतात, आमच्या घराण्यात कुणी घेतलेला नाही.

पण श्रावणात पूजेला जोडपं लागतं. मग फोन येतो. मी एसटीनं जाते, शालू नेसते, त्याच्या उपरण्याला माझ्या पदराची गाठ मारतात, कथेचे पाचही अध्याय आम्ही शेजारी बसून ऐकतो. आरती झाली की सासूबाई स्वतः गाठ सोडतात, घडी घालून ठेवतात. संध्याकाळी दीर मला स्टँडवर सोडतो. प्रसादाचा डबा हातात.

पाहणारे म्हणतात, बघा, किती नियमानं येते, संसार टिकवलाय पोरीनं.

यावर्षी जाणार नाही असं कळवलंय. त्यांनी एवढंच विचारलं, सुपारी ठेवून पूजा चालते का ते गुरुजींना विचारतो.

---

आकडेमोड

श्रावणातल्या ताई, तुमची ओळ वाचून मला वरची माझी टक्केवारी परत वाचावी लागली. त्याच हिशेबात एक भर: राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१, देशातल्या १८ ते ४९ वयाच्या लग्न झालेल्या बायकांपैकी सुमारे २९ टक्क्यांनी नवऱ्याकडून कधी ना कधी शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाल्याचं सांगितलं. घटस्फोट मात्र हजारात जेमतेम अडीच. या दोन आकड्यांमध्ये जे लोक आहेत त्यांची लग्नं "टिकली" आहेत. तुमच्यासारखं न बोलणं तर त्या पाहणीत धरतच नाहीत.

---

टाळकरी

श्रावणातल्या ताईंनी कोर्टात जावं. देवाला सुपारी चालते, माणूसच लागतो असं कुठल्या पोथीत न्हाई. आमचं म्हातारं असतं तर ह्याच शब्दांत बोललं असतं, पण जरा तिखट.

---

ओतूरकर

सगळं वाचलं. एक बारीक सूचना. लग्न रजिस्टर करायचं म्हणजे रूक्ष करायचं असं कुठं आहे? जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज २४ सप्टेंबर १८७३ ला काढला आणि त्याच वर्षी डिसेंबरात पुण्यात पहिलं सत्यशोधक लग्न लागलं. भटजी नाही, हुंडा नाही, नवरा-नवरी सगळ्यांसमोर एकमेकांना वचन देतात, मंगलाष्टकं म्हणतात, फुलं पडतात. जुन्नर भागात अशी लग्नं लागली तेव्हा जोशी लोकांनी दक्षिणा बुडाली म्हणून कोर्टात दावे लावले होते, उच्च न्यायालयापर्यंत गेले.

यात मजा ही की फुले निर्मिक, म्हणजे सृष्टी घडवणारा देव, मानायचे. म्हणजे सत्यशोधक लग्न हे नास्तिकाचं लग्नच नव्हे, मधल्या दलालाशिवायचं लग्न आहे. मामंजींना ते पटण्यासारखं आहे, वारकऱ्याला देवाशी बोलायला मधे माणूस कधी लागला? आणि मुलाच्या वडिलांनाही चालेल, त्यांच्या पिढीनं अशी लग्नं लावली असतील. सोबत विशेष विवाह कायद्यानं नोंदणी करा म्हणजे कागदाचीही अडचण नको.

---

सांगोलेकर_आई

सगळ्यांचे आभार. श्रावणातल्या ताई, तुमचं वाचून मी मोबाईल बाजूला ठेवला आणि अंगणात जाऊन उभी राहिले. पुण्यात आलात तर लेकीकडे जरूर उतरा, नंबर खासगी निरोपात पाठवते.

मामंजींना काडीमोडीचं विचारलं. हसले. म्हणाले, "माझ्या थोरल्या आत्याची झाली हुती. मग पाट लागला नातेपुत्याला. दुसरा नवरा लई भला माणूस. आत्या त्याच्या घरीच नांदली, तिथंच गेली." ही आत्या घरात सगळ्यांना माहीत होती, नातेपुत्याची आत्या म्हणून. पाटाचं मला लग्नाला पंचवीस वर्षं होऊन आज कळलं. ह्यांनाही नव्हतं ठाऊक. ह्यांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

तरी मामंजी अडले आहेत ते अडवणारा कोण इथंच. समुपदेशक बाईंचं आणि टाळकरी माउलींचं वाचून दाखवलं. बाप्पू चहा मागत बसायचा ते त्यांना फार आवडलं, दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "म्हंजे पोराचा बाप्पू कोण, ते बघाय पायजे." आता तेच ठरलंय. येत्या रविवारी आम्ही लातूरला जातोय, मामंजीही येणार आहेत. मुलाच्या आईचा पगार कुठल्या खात्यात जायचा, हे विचारायचं काम माझ्याकडे. वारीचं मुलाला लेकीनं सांगितलं, तर म्हणे "चालेल, पण टाळ वाजवायला शिकवा, नुसतं चालायला कंटाळा येईल". मामंजींना यात उर्मटपणा दिसला नाही, मला थोडा दिसला.

सत्यशोधक पद्धत मामंजींना ऐकून माहीत आहे, "भट न्हाई तर न्हाई, पण अक्षता पडल्या पायजेत" एवढंच म्हणणं.

आता माझा वेगळा प्रश्न, समुपदेशक बाईंना. भावकीत एकानं पिल्लू सोडलंय की विशेष विवाह कायद्यानं लग्न केलं की मुलगी हिंदू राहत नाही आणि वडिलोपार्जित जमिनीतला वाटा जातो. शिवाय असं लग्न मोडायलाही सोपं असतं म्हणे. यात काही खरं आहे का?

---

निवृत्त_समुपदेशक

दोन्ही खोटं, पण पहिल्याचा उगम आहे. १९५४ च्या मूळ कायद्यात एकत्र कुटुंबातून वेगळं धरणारं आणि वारसा वेगळ्या कायद्यानं लावणारं कलम होतं आणि अजूनही आहे. पण १९७६ साली कलम २१-अ घातलं. नवरा-बायको दोघंही हिंदू असतील तर ती कलमं त्यांना लागूच होत नाहीत. वारसा हिंदू उत्तराधिकार कायद्यानंच चालतो. देव न मानणारा मुलगासुद्धा कायद्याच्या दृष्टीनं हिंदूच आहे, त्याला विचारून बघा, चिडेल. धर्म कुणाचाही बदलत नाही. वाटा कमी करायची इच्छा असलेल्या भावकीला हा मुद्दा दरवेळी सुचतो, तेव्हा सातबाऱ्यावर लेकीचं नाव लागलंय का तेही या निमित्तानं पाहून घ्या.

मोडायला सोपं, हेही नाही. लग्नानंतर पहिलं वर्ष साधारणपणे अर्जच करता येत नाही. परस्पर संमतीनं वेगळं व्हायचं तरी आधी वर्षभर वेगळं राहावं लागतं. हिंदू विवाह कायद्यातही हेच आहे.

कामाचं: दोघांपैकी एकजण ज्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहतो तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची. नोटीस ३० दिवस फलकावर लागते. त्यानंतर तीन साक्षीदार घेऊन जायचं. नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न लागलं पाहिजे, नाहीतर पुन्हा नोटीस. पुण्यात करणार असाल तर लेकीच्या भाडेकराराची प्रत, दोघांचे वयाचे दाखले आणि फोटो आधी गोळा करा. ऑनलाइन अर्जातलं नावाचं स्पेलिंग आधारवर जसं आहे तसंच टाका, निम्मे लोक तिथंच परत येतात. आणि साक्षीदारांत मामंजींचं नाव घाला. तारीख आषाढी-कार्तिकीच्या आसपास नको, नाहीतर ते यायचे नाहीत.